बशीर मिस्त्री आणि पिकअपचा नंबर

राजुऱ्यात आसिफाबाद रोडवर बशीर मिस्त्रींचं गॅरेज आहे आणि त्याच्या अगदी समोर माझं टायपिंगचं दुकान. अर्ज, शपथपत्रं, झेरॉक्स हा माझा धंदा. त्यामुळे या प्रकरणातले निम्मे कागद माझ्याच हातचे.

मिस्त्री साठीला आलेले. हातात कसब, पण माणसावर विश्वास नाही. हा स्वभाव मुळातला नव्हे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एका ओळखीच्याला जीपमध्ये इंजिन बसवून दिलं. ते चोरीचं निघालं आणि मिस्त्रींना तीन दिवस ठाण्यात बसावं लागलं. सुटून आले तेव्हापासून गॅरेजात कुठलंही इंजिन आलं की आधी त्याच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, छाप उठवायचा, मगच पान्याला हात. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे.

गेल्या दिवाळीनंतर रंभा चौधरी त्यांच्याकडे आली. जिवतीच्या पहाडावरची, पंचेचाळिशीची बाई. गावची वांगी-टमाटर स्वतः पिकअप चालवत बाजारात आणायची. पिकअप गॅसवरची, भद्रावतीच्या निकेश नावाच्या दलालाकडून वर्षापूर्वी घेतलेली. त्या दिवशी मागच्या डाल्यात भाजी नव्हती, ताडपत्रीखाली एक जुनं डिझेल इंजिन होतं.

"भाऊ, गॅसचं काढा अन् हे बसवा."

"काऊन? चांगली तर चालून राह्यली गाडी."

"पहाड चढताना भरली गाडी दम टाकते. अन् गॅस भराले कितीक दूर जा लागते, वरून लाइनीत अर्धा दिवस. डिझेल कुठीबी भेटते."

"इंजिन कोणाचं?"

"बाबाच्या जीपचं. जीप सडली, इंजिन नाई सडलं."

मिस्त्रींनी ताडपत्री उचलली. जिथे नंबर असायला हवा तिथे काळ्या रंगाचा जाड थर होता. त्यांनी हात मागे घेतला.

"नंबर काऊन रंगवला?"

"गंज लागू नाई म्हणून बाबानं सगळंच रंगवलं."

"बाबा कुठी आहे?"

"वारले."

"हो. चोरीच्या मालाचा मालक मेलेलाच रायते."

बाईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता गाडी फिरवून जाते. पण ती म्हणाली, "घासा. माह्यासमोर घासा."

मिस्त्रींनी डिझेलात फडकं भिजवून रंग काढला. नंबर स्वच्छ निघाला. दुसऱ्या दिवशी ती जीपचं जुनं आरसी बुक घेऊन आली, नंबर जुळला. तरी मिस्त्री म्हणाले, आरटीओचा कागद पाहिजे. तो अर्ज मीच टाइप केला. इंजिन बसल्यावर गाडी तपासणीला आणा, असं तिला तिथे सांगितलं. अर्जाची पोच पाहिल्यावर मिस्त्रींनी पिकअप आत घेतली.

आता पाळी रंभाबाईची. तिने मोबाइल काढला आणि फोटो घ्यायला सुरुवात केली. बॅटरी, टायर, बॉनेटच्या आतला एकेक भाग. पदर खोचून चाकाच्या मागूनही दोन-चार काढले. मग पर्समधली नखपॉलिशची बाटली काढून बापाच्या इंजिनच्या नटांवर लाल ठिपके दिले.

"गॅरेजात चांगला पार्ट जाते अन् खराब येते, असं आयकून आहो मी," ती म्हणाली.

मिस्त्री माझ्याकडे चहाला आले ते धुमसतच. "मले चोर समजून राह्यली ते."

"तुम्ही तिले काय समजले होते?" मी विचारलं. त्यांनी चहा संपवला आणि उठून गेले.

चौथ्या दिवशी गॅसचं इंजिन चेनकप्पीने वर निघालं. रंभाबाईच्या बापाचं इंजिन टेकवायला फाउंडेशन वेल्ड करायचं म्हणून मिस्त्री चासीवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा, डांबरासारखा थर खरवडत होते. चासी नंबरापाशी हात थांबला. नंबर तेवढा उघडा होता, पण त्याच्याभोवती थराखाली वेल्डिंगची बारीक शीर होती. दुसऱ्या कुठल्या गाडीचा नंबर कापून तिथे डकवलेला. त्यांनी पेन्सिल घासली. आकडे एका ओळीत नव्हते आणि शेवटचे दोन कलले होते.

दुपारीच शटर खाली आलं. घरी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, कमरजहाँभाभींनी, मला नंतर सांगितलं. पोलिसांकडे जावं तर पहिला संशय आपल्यावरच. गप्प राहावं तर तपासणीत उघडं पडणार, तेव्हाही मिस्त्रीच सापडणार. जुनं इंजिन परत टाकून गाडी दाराबाहेर काढावी, असंही त्यांच्या मनात आलं. भाभी एवढंच म्हणाल्या, "और वो औरत? वो फँसेगी ना?"

सकाळी त्यांनी रंभाबाईला बोलावून ती शीर दाखवली. तिचा आवाज चढला.

"चार दिवस गाडी तुमच्याकडं होती. मी आणली तवा असं काई नोतं!"

"मी बदलवलं म्हणता?"

"मंग कोणं?"

रस्त्यावरचे लोक जमले. मीही पोचलो. "थांबा, दाखवतोच तुमाले," म्हणत ती मोबाइलमधले फोटो सरकवू लागली. एका फोटोवर बोट थांबलं. तिने तो मोठा केला. पहिल्या दिवशी चाकाच्या मागून काढलेला. डांबर जसंच्या तसं, त्यात तोच नंबर, तेच कललेले दोन आकडे. ती बाजूच्या टायरवर बसली.

"मावशी मावशी म्हणे तो निकेश मले," ती म्हणाली.

तक्रार मी टाइप केली आणि आम्ही तिघं ठाण्यात गेलो. साहेबांनी जुनं काही आठवून वर पाहिलं. "मिस्त्री, पुन्हा तुम्हीच?" मिस्त्री दाराशीच उभे राहिले.

रंभाबाईने मोबाइल टेबलावर ठेवला. "साहेब, यायच्यावर माह्याइतका संशय कोणंच घेतला नाई. म्हणून पह्यल्याच दिवशी फोटू काढले. तारीख पाहा. हे यायच्या हातचं काम नोये."

साहेबांनी फोटो पाहिला, तारीख पाहिली, आणि मिस्त्रींना खुर्ची दाखवली.

पिकअप जप्त झाली. ती तेलंगणातल्या कुणाची तरी होती, त्याला परत गेली. निकेश दोन महिन्यांनी सापडला, आता जामिनावर बाहेर आहे. रंभाबाईचे पैसे बुडाल्यातच जमा. हिवाळाभर ती दुसऱ्याच्या गाडीत भाजी पाठवत राहिली आणि बापाचं इंजिन गॅरेजात पडून राहिलं.

मार्चमध्ये बल्लारपुरात एक डिझेल पिकअप मिळाली. इंजिन जाम, पण बॉडी चांगली. घेण्याआधी मिस्त्री गाडीखाली तासभर खरवडत होते आणि बाई बाजूला बसून फोटो काढत होती. मालक वैतागून म्हणाला, "घ्यायची आहे का पंचनामा करायचा आहे?" बारा दिवसांत इंजिन बसलं. तपासणीही झाली.

पहिल्यांदा भरलेली गाडी पहाडावर नेली त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी गॅरेजातच होतो.

"भाऊ, चढलो. पण कुठंतरी टकटक वाजून राह्यलं."

मिस्त्रींनी फोन कानाला घट्ट लावला. "रेस द्या. सोडा. इंजिन नाई ते बाई, मागच्या फाळक्याची कडी होये."

"खरं सांगता?"

"खोटं काऊन सांगीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पिकअप गॅरेजासमोर उभी होती. मिस्त्री हसले, फाळक्याची कडी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता चालवून पाहा."