टेस्ट म्हणजे मडकं

सातवीत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी माझ्या डोक्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, कान जवळ आणून ऐकल्याचं सोंग केलं आणि वर्गाला सांगितलं, “बद्द वाजतंय. मडकं कच्चं ऱ्हायलंय. बापाला म्हणावं, परत आव्यात घाल.”

वर्ग पोट धरून हसला. माझ्या हातात युनिट टेस्टचा पेपर होता, वीसपैकी सात. आम्ही कुंभार. गाव गेवराई तालुक्यातलं, उमापूरच्या अलीकडचं. मडकी भाजायचा आवा आमच्या घराच्या मागेच होता, आणि तो धूर माझ्या दप्तरालाही लागलेला असायचा. सरांना ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तो विनोद केला.

नुसती थट्टा असती तर मी कदाचित विसरले असते. पण त्याच आठवड्यात स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायच्या मुलांची यादी लागायची होती, आणि ती सरांच्या हातात होती. गणितात मी वर्गात पहिली होते. मला त्या परीक्षेला बसायचंच होतं. घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी आव्यातला सगळ्यात देखणा माठ निवडला, खांद्यावर घेतला आणि मला घेऊन सरांच्या दारात गेले.

सरांनी माठ वाजवून पाहिला. माठ घेणारा तो वाजवून घेतो, आमच्याकडची रीतच आहे. ठण्ण असा आवाज झाला. “बेस हाय,” सर म्हणाले. “ठिवा तिकडं. बघतो पोरीचं.”

चार दिवसांनी यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. माठ मात्र सरांच्या ओसरीवर ओलं फडकं गुंडाळून उन्हाळाभर राहिला. शाळेत जाताना तो रोज दिसायचा आणि मी रोज मनातल्या मनात त्याला दगड मारायचे. वडिलांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मला त्यांचाही राग यायचा.

ज्या विषयात कच्ची म्हणून हसं झालं, त्याच विषयात मी अंबाजोगाईला एम. ए. केलं आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. लोक याला जिद्द म्हणतात. जिद्द कसली डोंबलाची, सूड होता तो. रोज सकाळी उठून मी त्या माणसाविरुद्ध अभ्यास करायचे.

आणि एक दिवस लायब्ररीत, शब्दांची कुळं सांगणाऱ्या एका जाडजूड कोशात, मला हत्यार सापडलं. मी दुसराच कुठलासा शब्द शोधत होते. पान उलटलं तर ‘टेस्ट’ समोर आला. मूळ लॅटिन, अर्थ मातीचं भांडं. मडकं! पुढे इंग्रजीत आला तो चांदी-सोनं पारखायच्या उथळ भांड्याचं नाव होऊन. त्या भांड्यात हिणकस चांदी शिशाबरोबर वितळवायचे. शिसं आणि हीण भांडं शोषून घ्यायचं, वर निखळ चांदी उरायची. त्या पारखण्यावरून हळूहळू कुठल्याही परीक्षेला टेस्ट म्हणायला लागले. आपल्या पोरांच्या युनिट टेस्टपासून रक्ताच्या टेस्टपर्यंत सगळं त्या मातीच्या भांड्यातून आलंय.

एवढ्यावर संपलं नव्हतं. त्याच घराण्यातला दुसरा लॅटिन शब्द, तोही मडक्याचाच. लॅटिन बोलणारी माणसं थट्टेने डोक्याला मडकं म्हणायला लागली आणि ती थट्टा इतकी रुळली की फ्रेंचांचा आणि इटालियन लोकांचा डोक्यासाठीचा नेहमीचा शब्द त्यातूनच झाला. म्हणजे सरांनी माझं डोकं मडक्यासारखं वाजवलं, त्याला दीड-दोन हजार वर्षांची परंपरा होती. फक्त त्यांना एक माहीत नव्हतं. मडकं परीक्षेला बसत नाही, मडकं परीक्षा घेतं. लायब्ररीत मी मोठ्याने हसले. शिपाई बघायला आला.

मग मी वाट बघत राहिले. किती वर्षं, ते मोजलं नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्नेहमेळाव्याचा मेसेज आला. माजी विद्यार्थी, जुन्या शिक्षकांचा सत्कार, आणि कॉलेजात शिकवते म्हणून मनोगत मी मांडायचं. मी लगेच हो म्हणाले. सरांचा सत्कार माझ्या हस्ते ठेवा, एवढीच अट घातली. सगळ्यांना किती कौतुक वाटलं!

आदल्या संध्याकाळी मी गावी गेले आणि परसात एक गोष्ट केली. आमच्या घरी बद्द वाजलेलं मडकं भिंतीकडेला पालथं घालून ठेवतात. त्यात कोंबड्यांना पाणी ठेवतील, रोप लावतील, पण ते दाराबाहेर जात नाही. त्या पालथ्या मडक्यांतला एक माठ मी उचलला. चीर केसाएवढी होती, बघून कळली नसती. बेत साधा होता. सर माठ वाजवतील, बद्द आवाज येईल, ते म्हणतील फुटका आहे. मग मी माईकवर म्हणणार, “सर, माठ ओळखता येतो तुम्हाला. पोरगी ओळखता आली नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव होता. आधी मी टेस्ट या शब्दाची सगळी कथा सांगितली, यादीची आणि ओसरीवरच्या माठाचीही. नाव घेतलं नाही, पण गावाला कळलं. टाळ्या पडल्या. सरांकडे पाहिलं तर तेही टाळ्या वाजवत होते, हसऱ्या तोंडाने. शेजारची माणसं वाजवतात म्हणून ते वाजवत होते. त्यांना ठार ऐकू येत नव्हतं.

माझा संताप झाला. एवढी वर्षं धार लावली आणि वार हवेत गेला. शाल घातली, नारळ दिला आणि माठ पुढे केला. सरांनी बोटाचं पेर वाकवलं. दोनदा वाजवलं. बद्द, बद्द. माईक जवळच होता, मांडवभर ऐकू गेलं. सर म्हणाले, “बेस हाय.”

मांडवात हसू फुटलं. हेच तर मला हवं होतं, त्यांचं हसं. मी वळून माईकशी जाणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझे वडील उठले. ऐंशीला टेकलेला माणूस, काठी विसरून स्टेजवर आला. सरांच्या हातातून माठ काढून घेत म्हणाला, “गुर्जी, ह्यो फुटका हाय. माझ्या घरचा हाय, चूक माझीच. उद्या चांगला धाडतो.” आणि हात जोडले.

सरांना तेही ऐकू गेलं नाही. गावाला मात्र गेलं. वडिलांनी आयुष्यात कुणाला फुटकं मडकं दिलं नव्हतं, आणि आता भर सभेत ते त्यांच्या नावावर लागलं.

घरी आल्यावर वडील दारात मला म्हणाले, “नाव घातलं न्हाई त्येनं, मला काय ठाव न्हाई का? तरी म्या माठ चांगलाच दिलता. तू माझा माल कावून बाटवलास?”

मला लाज वाटली, आणि सरांचा राग तसूभरही कमी झाला नाही. दोन्ही एकदमच होतं.

सकाळी वडिलांनी नवा माठ निवडला. “तू वाजव,” म्हणाले. मी वाजवला. खणखणीत होता. मीच तो सरांच्या घरी नेला. ओसरी तीच, सर खाटेवर बसलेले. त्यांनी वाजवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. “मला आता ऐकू येत न्हाई,” म्हणाले. “काल बी आलं न्हाई. तुझ्या बापाचा माठ म्हणून बेस म्हणलो.”

मी पर्समधून कागद काढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सातवीत स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव का घातलं नाही?’

चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. खोटं बोलत असते तर मला कळलं असतं.

“त्यो माठ आठवतो,” म्हणाले. “लई गार पाणी व्हायचं. तू हुतीस का त्या वर्गात?”

मी कागद परत घेतला. प्रश्नाच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, यादीत लिहितात तसं, आडनाव आधी. कागद त्यांच्या हातात दिला आणि ते वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहिले.