पंप नव्हताच, यशवंत

यशवंत गेल्याचा फोन त्याच्या बायकोने, सुनंदाने केला तेव्हा मी एका गाडीचे प्लग काढत होतो. "येतो," म्हटलं, आणि चारही प्लग साफ करून, परत बसवूनच निघालो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं आहे. खरं म्हणजे मला त्याच्या समोर जायची हिंमत होत नव्हती...

जोगेश्वरीत आमचं गॅरेज. इंजिन माझं, वायरिंग त्याचं, अशी एकवीस वर्षं काढली. मी चौथीत शाळा सोडलेला. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचो आणि त्याचा मला फार माज होता. यशवंत जालन्याकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शांत. नवीन काही आलं की शिकून घ्यायचा. खारदांड्याच्या हिराबाई मासळी न्यायला एक जुनी व्हॅन वापरतात. एकदा ती काळा धूर ओकायला लागली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. "मिस्त्री, धुरानं माज्या मावऱ्याचं सुकट झालं रं!" हिराबाई ओरडत आल्या. यशवंतने खिशातून सुनंदाच्या केसांचा आकडा काढला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या दोन भोकांत घातला आणि चावी फिरवली. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग चारदा लुकलुकला. पुन्हा एक, पुन्हा चार. गाडीचा कॉम्प्युटर असा बोलतो म्हणे. यशवंतने डायरी उघडून बघितलं. "पाण्याचा सेन्सर गेलाय. इंजिन तापलं तरी कॉम्प्युटरला वाटतं थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल ओततोय."

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "दिव्याच्या उघडझापीने गाड्या दुरुस्त होत असत्या ना, तर दिवाळीत सगळी मुंबई दुरुस्त झाली असती! पेट्रोलचा पंप गेलाय हा." सगळे हसले. तोही हसला. आकडा पुसून त्याने खिशात ठेवला.

मी पंप बदलला. धूर तसाच. दोन दिवस झोंबलो, पण मागे हटेन तर मी कसला! मग यशवंत भाचीच्या लग्नाला गावी गेलेला असताना मी गुपचूप सेन्सर आणून बसवला. धूर गेला. हिराबाईंना सांगितलं, पंपच होता.

तो परत आला त्याच दिवशी त्या कोलंबी घेऊन आल्या. "यशवंता, मिस्त्रीनं पंप टाकला नं गाडी झकास!" त्याने बॉनेट उघडलं. गंजलेल्या इंजिनावर पितळेचा नवा सेन्सर चमकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हो बाई. पंपच होता."

त्याने माझी अब्रू राखली. त्यानंतर माझ्यासमोर कधी तो आकडा खिशातून काढला नाही. उलट विचारायचा, "मिस्त्री, तुला काय वाटतं?" आणि मी बेशरम, सांगायचो! 'पंप नव्हता, तूच बरोबर होतास,' एवढंच त्याला सांगायचं होतं. रोज चहा एकत्र प्यायचो, पण जीभ वळली नाही... पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या आठवणीत सगळे जमले तेव्हा, मला दोन शब्द बोलायला उभं केलं. हिराबाई समोरच बसलेल्या. "यशवंत चांगला वायरमन होता," एवढं बोललो आणि खाली बसलो. निघताना सुनंदाने तो आकडा माझ्या हातात दिला. "यांच्या शर्टात होता. तुमच्या कामाचा."

परवा हिराबाईंच्या व्हॅनचा दिवा पुन्हा लागला. मी आकडा लावला, चावी फिरवली आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मना सांगून काय फायदा रं मिस्त्री? त्याला सांगाचं व्हतं."

त्या चहा प्यायला गेल्या. मी व्हॅनमध्येच बसून राहिलो. चावी बंद करेपर्यंत तो दिवा तेच तेच पुन्हा सांगत राहतो, न कंटाळता. यशवंतसारखं त्याला मध्येच गप्प बसता येत नाही. मी बोटांवर मोजत होतो. चावी बंद करायला हात उचलत नव्हता...