हजेरीत नसलेलं नाव

माझ्या मुलीच्या वेळी आठवा महिना लागला आणि सासूबाईंनी मला मळ्यात पाठवणं बंद केलं. घरी बसून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी बांधलेल्या जुड्या ओल्या पोत्याखाली ठेवायच्या आणि आमचे हे त्या पहाटे मंडईला घेऊन जायचे. हडपसर तेव्हा गावच होतं.

घराच्या मागच्या खिडकीसमोर शाळा होती, पहिली ते चौथीची. अकरा वाजता शाळा भरली की गुरुजी हजेरी घ्यायचे. आधी मुलगे, मग मुली. मी जुड्या बांधता बांधता मुलींची नावं ऐकू लागले. एखादं नाव दुसऱ्यांदा आलं की मेथीची एक काडी बाजूला ठेवायची. एका नावाच्या चार काड्या झाल्या. एकाच्या तीन. गावातल्या बायकांना एखादं नाव आवडलं की घरोघर तेच ठेवत. त्या दोन-तीन वर्षांत तर पाळण्यांची जणू एकच यादी होती.

माझ्या मुलीचं नाव त्या यादीत नसावं एवढंच मला हवं होतं. मुलगीच होईल असं मी धरून चालले होते. मुलगा झाला असता तर नावाचं घरातल्या पुरुषांनी बघितलं असतं.

याला कारण माझं स्वतःचं नाव. आमच्या वर्गात त्या नावाच्या आम्ही चौघी होतो. बाई एकीला थोरली म्हणायच्या, एकीला गोरी, एकीला वाण्याची. मी मागे बसायचे आणि बोलायचे नाही, म्हणून मला 'ती चौथी' म्हणायच्या. चौथीपर्यंत शिकले तोवर हेच चाललं. लग्न होऊन सासरी आले तर थोरल्या जाऊबाईंचं नाव तेच. मग माझं बदललं. वाईट असं कुणी काही केलं नाही. पण कुणी हाक मारली आणि ती आपल्यालाच आहे, अशी खात्री मला कधी वाटली नाही. हाकेला मी आधी मागे वळून बघते, अजूनही.

नाव मला वाण्याच्या पुडीवर सापडलं. साखर डब्यात ओतली आणि कागद सवयीने वाचायला घेतला. एका गोष्टीचं मधलंच पान होतं. त्यात एक मुलगी नदीकाठी धुणं धुत होती आणि कुणाशी तरी भांडत होती. तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तीनच अक्षरं, पण म्हटलं की तोंडात गार वाटायचं. पुढे त्या मुलीचं काय झालं ते कागदावर नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते आता दुसऱ्या घरचं आहे.

पंधरा दिवस मी हजेरी ऐकली. ते नाव एकदाही आलं नाही. मग मी ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, "चांगलं हाय. पण आक्काला सांगावं लागंल."

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, लोणी काळभोरला दिलेल्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्या घरात मान म्हणजे नुसता सांगायचा नाही, ठरवायचाही. वन्संनी आधीच निरोप पाठवला होता की मुलगी झाली तर नाव तयार आहे. ते कोणतं, तेही मला कळलं होतं. चार काड्यांचं.

बारशाच्या दिवशी सकाळी त्या आल्या की चहा देताना हळूच सांगायचं, असं मी ठरवलं. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं. "वन्सं, तुम्हाला राग येणार नसेल तर." एवढंच पाठ झालं होतं, पुढचं काही जमत नव्हतं.

मुलगी झाली. भिंतीपलीकडच्या घरात आदल्याच दिवशी मुलगी झाली होती. दोन्ही घरी बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला एकच मावशी यायच्या. आधी पलीकडे, मग आमच्याकडे. पायांवर बाळ आडवं घेऊन, तेल जिरवत त्या गावभरच्या गोष्टी सांगायच्या. मी त्यांच्याशी दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त बोलत असेन. कारण त्या प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायच्या.

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "नाव काय ठरलं गं?"

मी नाव सांगितलं. पुडीचं सांगितलं, हजेरीचंही सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "पटावर नाय असं नाव शोधलंस. खिडकीत बसून मास्तरीण झालीस की."

बारसं व्हायच्या आधी नाव कुणाला सांगू नये, एवढं मला ठाऊक होतं. पण मावशींना सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं मला वाटलंच नाही.

माझ्या अकराव्या दिवशी, त्यांच्या बाराव्या, पलीकडे बारसं झालं. मी बाळंतीण, मला जाता येत नव्हतं. सासूबाई गेल्या. मी बाळाला पाजत भिंतीशी बसले होते. पलीकडे बायकांचा कल्ला झाला, कुणाच्या तरी पाठीत धपाधप बुक्के पडले, आणि आत्याने नाव सांगितलं. मला वाटलं, माझ्याच मनात ते वाजलं. मग बायकांनी पाळणा म्हटला आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच नाव आलं. नवीन असल्यामुळे त्या दोन-तीनदा अडखळल्यासुद्धा.

सासूबाई पदरात घुगऱ्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "नाव बरं ठेवलंय. गावात कुणाचं नाय तसलं." मी घुगऱ्या घेतल्या. खाल्ल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडचं बारसं. सकाळीच मावशी आल्या. मी बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी बाळाला तेल लावलं, मग हात थांबवला.

"माझ्यावर रागावलीस?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच कळलं नाही.

मावशी म्हणाल्या, "पलीकडच्या बाळंतिणीच्या आधीच्या दोन पोरी गेल्या, तुला म्हाईत हाय. दोघींची नावं सगळ्यांची असतात तसली. संध्याकाळी गल्लीत कुणी त्या नावानं पोरीला हाक मारली की ही हातातलं टाकून दारात येऊन उभी राहते. सासू म्हणती, दगडाधोंड्याचं नाव ठेवा, म्हंजी जगंल. ही रडून रडून सांगती, ज्या नावानं दुसरं कुणी हाक मारणार नाय असं द्या. काल आंघोळीच्या वेळी माझे पाय धरले तिनं. माझ्या तोंडातून निघून गेलं. तुझं हाय, हे तिला सांगितलं नाय मी."

तिला दारात उभं राहिलेलं मीही पाहिलं होतं. पण मला वाटायचं, हवा खायला येते.

मावशींनी बाळाला पाणी घातलं, धुरी दिली, गुंडाळून माझ्याजवळ ठेवलं. जाताना म्हणाल्या, "तुला वाटलं तर तू पण ठेव. नाव काय एकालाच पुरतं असं नाय."

तेच तर होतं. मी ठेवलं असतं तर तिची मुलगी आणि माझी मुलगी, दोघींना गल्लीत एकच हाक. मी माझ्या लेकीला हाक मारली की ती भिंतीपलीकडे दचकणार. आणि उद्या देव न करो, काही झालं, तर मी रोज संध्याकाळी काय करायचं?

एवढं सगळं कळत होतं तरी नाव सोडवत नव्हतं. इतके दिवस ते मी मनात घेऊन हिंडले होते. पोटातल्या बाळाला त्या नावाने बोललेही होते. बाळाकडे बघितलं की तेच तोंडात यायचं. मी पदर तोंडाला लावून थोडा वेळ रडले. मग सासूबाईंची चाहूल लागली म्हणून थांबले.

दहाच्या सुमारास वन्सं आल्या. हातात कुंची, झबली, चांदीचे वाळे. चहा घेतला आणि मी काही म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या, "काय गं, तुझ्या मनात नाव हाय म्हणं. भाऊ सांगत होता रस्त्यात."

मी म्हणाले, "नाही वन्सं. तुम्ही आणलंय तेच ठेवा."

"तुला खोटं बोलता येत नाय. कान लाल झाले. सांग."

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पाठ केलेलं वाक्य सोडून. वन्संनी ऐकून घेतलं. मग भिंतीकडे बघत, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग ठेवू की तेच. नाव काय त्यांच्या सातबाऱ्यावर चढलंय? माझं आणलेलं ऱ्हाऊ दे. भावजयीनं आजवर काय मागितलं नाय माझ्याकडं, ते मागतीय तर देते."

हे मला अपेक्षित नव्हतं. ज्यांची मला भीती होती त्याच माझ्या बाजूने उभ्या होत्या. एक हो म्हटलं की नाव माझं होतं.

मी उठून दार लोटलं आणि म्हणाले, "हळू बोला, वन्सं. तिच्या पोरीला ते एकटीला राहू दे. माझ्या पोरीला गर्दीत काही होणार नाही."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना एवढं मोठं वाक्य त्याआधी कधी बोलले नव्हते. म्हणाल्या, "बरं. पण उद्या म्हणू नको आत्यानं रेटलं."

दुपारी बारसं झालं. वन्संनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी त्यांच्या पाठीत मनसोक्त बुक्के घातले आणि मग पाळणा म्हटला. यावेळी कुणी अडखळलं नाही. ते नाव त्यांच्या तोंडात बसलेलंच होतं. पलीकडच्या सासूबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या नातीचं पण हेच." दुसरी म्हणाली, "आमच्या धाकटीचं पण." सगळ्या हसल्या, मीही हसले.

पुढे बरेच दिवस मी तिला नावाने हाक मारू शकले नाही. बाळ, सोनी, ठमी, काहीही म्हणायचे. सासूबाई एकदा म्हणाल्याच, "पोरीचं नाव विसरलीस का?" मला ते नाव दुसऱ्याच्या पोरीचं, उसनं आणल्यासारखं वाटायचं.

ती चार-पाच महिन्यांची असेल. ओट्यावर पोत्यावर पालथी पडली होती आणि सरकत सरकत कडेपर्यंत गेली. माझे हात कोथिंबिरीच्या चिखलाने भरलेले. मी तिथूनच नावाने ओरडले. समोरच्या घरातून एका मुलीने "ओ" दिली. शाळेत निघालेली एक वाटेत थांबली. आणि ओट्याच्या कडेवरच्या माझ्या मुलीने मान वर केली, मला शोधलं आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली.

मी धावत जाऊन तिला तशाच चिखलाच्या हातांनी उचललं. त्या दोघी पोरींना म्हणाले, "तुम्हाला नाही गं बाई. हिला मारली." आणि तिला आणखी दोनदा त्याच नावाने हाक मारली.