क्लॉडियाचं बारसं

मुन्शी घाटाच्या गल्लीत आमच्या शेजारच्या बाईंना सगळे आत्याच म्हणतात. त्या बँकेत काउंटरवर बसतात आणि पासबुकावरचं नाव वाचून समोरच्याला विचारतात, "नाम तो बढ़िया है, मतलब क्या है?" रांग खोळंबते, पण अर्थ कळल्याशिवाय पासबुक परत मिळत नाही. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या एक पाय ओढत चालतात. कुणी आधाराला हात पुढे केला, तर अशा बघतात की हात आपोआप मागे जातो.

परवा त्यांच्या भाचीचं बारसं होतं. भावजयीनं ऐकायला गोड म्हणून इंग्रजी नाव ठरवलं होतं, क्लॉडिया. मी सहज फोनवर अर्थ शोधला. मूळ शब्द लॅटिन, अर्थ लंगडी. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा! भावजयीला बाजूला घ्यावं का, या विचारात मी असतानाच आत्या पाळण्यावर वाकल्या. आत्या वाकलेल्याच राहिल्या.

"कुर्रर्र," आणि मग मोठ्यानं, "क्लॉडिया!"

बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीवर धपाधप बुक्के मारले.

घुगऱ्या वाटताना त्या माझ्याजवळ आल्या. "तूही अर्थ बघितलास ना? तोंडावरून कळलं. तिच्या आईला सांगू नकोस."

"पण आत्या, तुम्ही..."

"अगं, लहानपणी या गल्लीत मला याच अर्थाची हाक मारायचे," त्या म्हणाल्या. "आता तीच हाक लाडानं मारतील."