नाल्याकाठच्या ढिगातलं सोनं

गड्यांनो, सकाळच्या माह्या फोटोवर ज्यांनी "नशीब काढलं भाऊ" असं लिहिलं, त्यांनी हेही वाचा.

मोबाईलवर नदीतून सोनं काढायचे व्हिडिओ पाहून मलेही नाद लागला. आज सुट्टी होती, म्हणून घरची परात आन खुरपं घेऊन रिठदच्या नाल्यावर गेलो. काठावर काळ्या मातीचा ढीग आयताच दिसला. तीच माती परातीत धुतली, तर तळाशी पिवळे कण! लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग हावरटासारखा अर्धा ढीग धुऊन नाल्यात सोडला.

तेवढ्यात एक बाई लाकडी ताट घेऊन आली.

"भाऊ, हे काय करून राह्यले? सोनाराच्या दुकानापुढची माती हाय ते, कामातला सोन्याचा कीस पडते त्यात. आठ दिवस झाडून जमवली, धुवायले इथं आणली."

चूक समजली होती, तरी मी म्हटलं, "नाला काय तुमच्या मालकीचा हाय?" आता लिहितानाही कान तापून राह्यले.

ती भांडली नाही. माह्या परातीतले कण ओल्या बोटानं टिपले आन म्हणाली, "लय घाईत धुतलं तुमी. बाकीचं वाहून गेलं."

मग गुडघाभर पाण्यात उतरून ती गाळ चाचपू लागली.

"मी शोधू लागू का?"

"नका. पाणी गढूळ होते."

त्या फोटोवर अजून बदाम येऊन राह्यले. काढून टाकला तर चोरी लपवल्यासारखं, ठेवला तर मिरवल्यासारखं. तुमीच सांगा, काय करू?