नारायणाच्या कपाळावरची मुंगी

धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात, जावई हा नारायण असतो. सासुरवाडीला बोलावून त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, पाय धुतात, ओवाळतात. नारायणाचं काम एकच, पाटावरून हलायचं नाही. मला ते जमलं आणि त्यानंच माझा घात केला!

मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. सापळ्यासारखा जबडा असलेल्या एका मुंगीवर माझा एकुलता एक शोधनिबंध वर्षभर अडून बसला होता. फोटो पाठवले की बंगळुरूचे मुंगीतज्ज्ञ फोनवर तेच सांगायचे, "फोटोवरून प्रजाती ठरत नाही. डोक्याच्या मागची रेघ बघावी लागते. अख्खी मुंगी पाठवा. डोकं शाबूत हवं!" आणि ती मुंगी सापडावी कुठे? निलंग्याजवळ, सासऱ्यांच्या अंगणात, मी पाटावर बसायच्या अगदी तोंडावर!

दगडाखाली होती. जबडा दोन्ही बाजूंना सताड उघडा. गवताची काडी लावली. टक्! जबडा मिटला आणि बाई उलटी उडून हातभर लांब पडली. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डबी शोधायला घरात पळालो, तर घरातले झाडून सगळे डबे धोंड्यांनी भरलेले. शेवटी देवघरातला चांदीचा करंडा उचलला. कुंकू कागदावर ओतलं, मुंगी आत, झाकण बंद. (जेवण झालं की गुपचूप काढून घेऊ, असं मला वाटलं. पीएच.डी. झालेल्या माणसाला असंच वाटतं.)

"अहो, बसा की लवकर! आई थांबलीय," बायको, सुनीता, ओरडली.

पाटावर बसलो. दोन्ही हातांत वाणाचं जड ताट दिलं गेलं. समोर मामी, म्हणजे सासूबाई, निरांजन घेऊन उभ्या. त्यांच्या दुसऱ्या हातात करंडा!

"मामी, कुंकू राहू द्या!"

"आता गं बया! नारायणाला बिनकुंकवाचं ओवाळू व्हय?"

"मला कुंकवानं खाज येते!"

"लग्नात तर कपाळभर लावून घेतलं की!"

मी उठू लागलो, तर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मागून खांदे दाबले. "उठू नगा जावईबापू. पुण्य जातंय आमचं."

मामींनी झाकण काढलं. टक्! मुंगी करंड्यातून उडाली ती थेट माझ्या कपाळावर. तिथं तिनं जबड्यानं चावा घेतला आणि वर बुडानं डंखही मारला. कपाळाची नुसती आग आग! हातात ताट. नारायणाला ताट खाली ठेवता येत नाही.

"लई इखारी दिसून राहिली हो! मारा, मारा!" मामी किंचाळल्या.

"मारू नका! पाया पडतो, मारू नका!" मी त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळलो.

"जावई लई भिऊन राहिले," शेजारची काकू हळहळली.

तोवर मामा दारातली चप्पल घेऊन आले होते. पण हात वर नेला आणि थबकले. समोर मुंगी होती, पण मुंगीखाली साक्षात नारायण होता!

"मामा, नको! तिचं डोकं..."

"जावईबापू, आज तुम्हाला चप्पल दाखवायची म्हंजे पाप हाय. पण जिवापुढं काय न्हाई. माफी असावी!"

मामा आधी माझ्या पाया पडले. मग हाणली.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली, मामा. सगळंच गेलं!"

मला खरंच रडू कोसळलं. वर्षभराची मेहनत कपाळाला चिकटून बसली होती. मामींना वाटलं, अपमान झाला म्हणून रडतात. त्यांनी आणखी दोन धोंडे वाढले आणि वर तूप ओतलं.

शेवटची आशा म्हणून सुनीताला कपाळाचा फोटो काढायला लावला आणि बंगळुरूला पाठवला. लगेच फोन आला.

"सर, डोकं दिसत नाही. जबडाही दिसत नाही. मुंगीबद्दल काहीच सांगता येणार नाही."

"काहीच नाही?" माझा आवाज रडवेला.

तज्ज्ञांनी फोटो मोठा करून पाहिला असावा.

"चप्पल मात्र आठ नंबरची आहे."