कढईवर चालणारा टेम्पो

मी टेम्पो घेऊन पेट्रोल पंपासमोरून न थांबता जाते, तेव्हा मागे वड्यांचा वास रेंगाळतो आणि पंपाचे मालक, म्हणजे माझे दीर, मान वर करून बघतात. नवरा गेल्यावर त्यांनीच चारचौघांत सुनावलं होतं, “वहिनी, टेम्पो विका. तुम्ही आपली कढई सांभाळा.”

कढईच सांभाळली. बायोडिझेल रबर खातं म्हणून इंजिनाच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या आणि माझ्या वड्यांच्या गाडीवर तळणीच्या उरलेल्या तेलाचं बायोडिझेल करून टाकीत भरलं. तेल कढत असताना गाळू नये, हात पोळतो. रागाचंही तसंच आहे. निवू द्यावा, गाळ खाली बसू द्यावा, मग वापरावा.

काल दिरांनी हाक मारली, “वहिनी, कधीतरी थांबा की!”

“नाही भावोजी, कढई सांभाळायची आहे,” म्हटलं आणि गिअर टाकला.